तिसरी गाठ आणि सुजाताचं बाळंतपण

माझ्या लेकीला पाचवा महिना लागला होता आणि मी तिच्या बाळंतपणाच्या तयारीला लागले होते. जुनी मऊ सुती पातळं फाडून दुपटी शिवायची, चांगला डिंक कुठं मिळतो ते विचारून ठेवायचं, पुढच्या खोलीतला पलंग खिडकीच्या वाऱ्यातून हलवायचा, असलं सगळं डोक्यात होतं. शौचाला रक्त जात होतं ते मी मूळव्याधीवर ढकललं. जिना चढताना दम लागायचा तो वयावर ढकलला. हे आधीच सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं होत असेल तर घरी अंदाज बांधत बसू नका. बाकी या लिखाणात औषधांची माहिती फारशी नाही. ती तुमचे डॉक्टर सांगतीलच. मला सांगायचंय ते त्या वर्षात आमच्या घरात काय झालं ते.

आम्ही कसबा बावड्यात राहतो. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आमचे हे, मिलिंद, साखर कारखान्यात फिटर होते. सुजाता आमची एकुलती एक. तिला निपाणीला दिलेली, जावयाचं नाव आनंद. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे माझं बाळंतपण शेजारणींनी वाटून घेतलं होतं. एकीनं अंघोळ घालायची, एकीनं शेक द्यायचा, एकीनं डबा आणायचा. कुणी कमी केलं नाही, पण आई नव्हती ती नव्हतीच. सुजाता पोटात असतानाच मी ठरवलं होतं, हिचं बाळंतपण मी करणार. पंचवीस वर्षं तो विचार माझ्याबरोबर राहत होता.

*

निदान झालं तो दिवस कोरडा, उन्हाचा होता. दुर्बिणीनं तपासून झालं होतं, सीटी स्कॅनही झाला होता. डॉक्टरांनी यांना आत बोलावलं आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी म्हणाले, "आतडं माझं आहे. मीही येते."

डॉक्टर भले होते. त्यांनी खुर्ची दिली आणि आडवळण न घेता सांगितलं. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ आहे, ती ऑपरेशननं काढता येईल. पण लिव्हरवरही तीन डाग दिसतात. ते तिथं पसरलेत. नंतर केमोथेरपी लागेल. त्यानं ते आवळले तर लिव्हरचं ऑपरेशन करता येईल. नाही आवळले तर ते काढणं अवघड.

यांनी विचारलं, "म्हंजे बरी हुईल न्हवं?"

मी विचारलं, "चार महिन्यांनी माझ्या मुलीचं बाळंतपण आहे. तोवर मी उभी राहीन का?"

डॉक्टरांनी यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. माझ्या प्रश्नाला दिलं. म्हणाले, "तोवर आपण उपचारांच्या मध्यावर असू, बाई."

घरी जाताना बावड्याच्या अलीकडे यांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. मला वाटलं पेट्रोल संपलं. हे खाली उतरले आणि म्हणाले, "हात कापाय लागल्यात. हँडल धरवंना."

आम्ही एका झाडाखाली उभे राहिलो. उसानं भरलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले होते. त्यातल्या एका ड्रायव्हरनं यांना ओळखून हात केला. यांनीही हात केला, नेहमीसारखा. मग माझ्याकडे पाठ केली. रडणं मला बाहेर येतच नव्हतं. मी मनात महिने मोजत होते आणि कुठल्याच बाजूनं हिशेब जुळत नव्हता.

*

आतड्याचं ऑपरेशन झालं. पोटावर टाके पडले, चालता येईपर्यंत काही दिवस गेले. त्याबद्दल एवढंच सांगते की पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी संडासला जाता आलं तेव्हा मला बक्षीस मिळाल्यासारखं झालं. माणसाचा आनंद किती खाली उतरू शकतो ते दवाखान्यात कळतं.

सुजाताला आम्ही आधी अर्धंच सांगितलं होतं. ऑपरेशननंतर पूर्ण सांगितलं. ती फोनवर रडली, मग नाक ओढत म्हणाली, "आई, मी इकडंच राहते बाळंतपणाला. तू कसलाच ताण घेऊ नको."

ती माझ्या भल्यासाठीच बोलत होती. पण कॅन्सर हा शब्द ऐकूनही जेवढं लागलं नव्हतं तेवढं ते लागलं. शिवून ठेवलेली दुपटी मी ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवली, वर चादरी टाकल्या.

*

केमो सुरू व्हायच्या आधी आमच्या डॉक्टरांनी आणखी एका डॉक्टर मॅडमची गाठ घालून दिली. त्या एमआरआय बघायच्या. मुंबईत शिकून कोल्हापुरात परत आलेल्या. त्यांचा एक अभ्यास चालला होता. लिव्हरमध्ये पसरलेल्या गाठींवर औषध लागू पडेल की नाही, हे लवकर ओळखता येतं का, असा. त्यासाठी पहिल्या केमोच्या आधी एक आणि दुसऱ्या केमोच्या आधी एक असे दोन एमआरआय काढायचे होते.

मी शिक्षिका. मला सगळं विचारल्याशिवाय राहवत नाही. मॅडमनी न कंटाळता समजावलं. अंगात सगळीकडे पाणी असतं आणि त्या पाण्याचे कण सारखे हलत असतात. कॅन्सरच्या गाठीत पेशी इतक्या दाटीनं बसलेल्या असतात की पाण्याला फिरायला जागा राहत नाही. औषधानं पेशी मरायला लागल्या की दाटी मोडते, पाणी मोकळं फिरायला लागतं. पाणी किती मोकळं आहे ते या विशेष प्रकारच्या फोटोत दिसतं.

मी म्हणाले, "प्रार्थनेला पोरं खेटून उभी असली की मधल्या पोराला हलता येत नाही. रांगा मोडल्या की ते सुटतं. तसं?"

"अगदी तसं," मॅडम म्हणाल्या.

यांनी विचारलं, "मग दुसरा फोटो काढला की लगीच कळंल व्हय, औषध लागतंय का न्हाय ते?"

"कळावं अशी आशा आहे, काका. खात्री नाही, म्हणून तर अभ्यास. नेहमीच्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसायला दोन-तीन महिने जातात. गाठ लहान व्हायच्या आधीच आत काही बदलतं का, ते आम्हाला बघायचंय. पण यावरून तुमचे उपचार थांबवणार नाही, बदलणारही नाही. हे नीट लक्षात ठेवा."

मी सगळं लक्षात ठेवलं, आणि घरी जाताना त्यातलं एकच बरोबर नेलं. आधी कळेल.

एमआरआयला आत जाताना अंगावरचं सगळं काढावं लागतं. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, जोडवी. जोडवी बोटात रुतली होती, साबण लावून काढावी लागली. मग त्या बोगद्यात निजवलं. कानावर हेडफोन असूनही मशीनचा ठणठणाट थेट डोक्यात शिरत होता. मधूनमधून आवाज यायचा, "श्वास घ्या. सोडा. आता थांबा." पोटाचे टाके अजून ओढत होते. श्वास सोडून थांबायचं म्हणजे अंग पिळवटून यायचं. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी आधी सांगावं, आतले लोक समजून घेतात. मी डोळे मिटून सुजाताच्या पोटातल्या बाळाचा विचार करत होते. तेही असंच अंधारात, गोंगाटात निजलंय, आणि त्याला कुणी श्वास घे म्हणत नाही.

*

केमो दर पंधरा दिवसांनी. दोन दिवस दवाखान्यात राहायचं, सलाइनमधून औषध थेंबथेंब जाणार. त्यातल्या एका औषधाचा गुण असा की थंड काही चालत नाही. पहिल्या डोसनंतर मी विसरून माठातलं पाणी प्याले आणि घशात काचा गेल्यासारखं झालं. फ्रिजच्या दाराला बोट लागलं तर झिणझिण्या कोपरापर्यंत. उन्हाळ्याचे दिवस, आणि मी कोमट पाणी पीत बसलेली. जेवणाला लोखंडाची चव. तांबडा रस्सा माझा जीव की प्राण, पण त्याचा वास आला तरी उठून जावं लागायचं.

शेजारच्या वहिनी, त्यांच्या घरी म्हशी, रोज धारोष्ण दूध आणायच्या. ते पोटात ठरायचं. एकदा त्या जोतिबाला जाऊन आल्या आणि गुलालाची पुडी हातात घेऊन दारात घुटमळल्या. आम्ही बौद्ध. देवाधर्माचं मी करत नाही, हे त्यांना ठाऊक.

"तू मानू नगंस," त्या म्हणाल्या. "मी मानतो. तुझ्यावाटचं मागून आलोय. पुडी फकस्त ठिवून घे."

मी ठेवून घेतली. दुसऱ्याच्या प्रेमाशी वाद घालण्याइतकी ताकद माझ्यात राहिली नव्हती, आणि ते बरंच झालं.

*

दुसरा एमआरआय झाला. मी मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "मी एकटीनं काही सांगणं बरोबर नाही. तुमच्या डॉक्टरांबरोबर बसू."

म्हणून एका सकाळी आम्ही चौघं बसलो. मॅडम, केमोचे डॉक्टर, हे आणि मी. मी मनातलं बोलून टाकलं. "सुजाताचे दिवस भरतात ते नेमके डोसच्या मध्ये येतात. औषध लागू पडत नसेल तर मला ते नको. मला दीड महिना मोकळा द्या. लेकीला माहेरी आणते, तिचं बाळंतपण करते, नातवंडाला न्हाऊ-माखू घालते. मग काय व्हायचं ते होऊ दे."

हे खुर्चीतून उठलेच. "काय बोलाय लागलीस तू?"

"मला बोलू द्या."

"आणि औषध लागू पडत असेल तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तर घेते."

डॉक्टरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. डावीकडे जुना फोटो, उजवीकडे नवा. काळ्या पडद्यावर तीन पांढरे ठिपके. नव्या फोटोतले दोन मळकट झाले होते, खडू अर्धवट पुसल्यासारखे.

"या दोन गाठींत पाणी मोकळं व्हायला लागलंय असं वाटतं," त्या म्हणाल्या. "आम्हाला जसं हवंय तसं. पण ही तिसरी…"

तिसरा ठिपका होता तसाच होता. लख्ख पांढरा.

"म्हणजे दोघी ऐकतात आणि तिसरी ऐकत नाही," मी म्हणाले. "वर्गात असतंच एखादं."

कुणी हसलं नाही. मग मॅडमच पहिल्यांदा हसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या तेव्हा तिशीच्या असतील. डॉक्टर म्हणाले, "बाई, हा पुरावा नव्हे. असे फोटो काढलेले पेशंट आमच्याकडे अजून थोडेच आहेत. याच्या जोरावर मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही, आणि बऱ्या व्हाल असंही म्हणणार नाही. पण तुम्ही विचारलंत, म्हणून आम्हाला जेवढं दिसतं तेवढं सांगितलं."

मी हो किंवा नाही ऐकायला गेले होते. मिळालं ते दोनतृतीयांश हो.

घरी आल्यावर हे चपला न काढताच ओट्यावर बसले. म्हणाले, "दोन ऐकत्यात न्हवं?"

"व्हय."

"मग त्या दोनांसाठी घे."

"आणि तिसरी?"

"तिचं बघू की."

मी डोस घ्यायचं ठरवलं. लोक म्हणतात, तुम्ही धीराच्या. धीर वगैरे काही नव्हता. बाळाला बघायला जगायचं तर बाळाच्या वेळी मला तिथं असता येणार नव्हतं. एवढा साधा व्यवहार होता, आणि मला तो अजूनही पटलेला नाही.

*

सातवा महिना सरत आला होता. एका दुपारी आमच्या विहीणबाई, सुजाताच्या सासूबाई रत्नाबाई, निपाणीहून एकट्याच आल्या. हातात कापडी पिशवी. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत त्यांनी उभं आयुष्य काढलेलं. बोलणं मोजकं आणि आवाज खणखणीत. आमची तोवर फारशी ओळख नव्हती. लग्नात मानपान, सणाला फोन, एवढंच.

पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "अक्का, पैलं बाळंतपण आईच्या घरातच व्हायला पायजे. सुजाताला मी हिकडं घिऊन येतो."

त्यांनी मला विहीणबाई न म्हणता अक्का म्हटलं हे माझ्या लक्षात आलं. मी म्हणाले, "पण करणार कोण? मला तर स्वतःचंच होत नाही."

"मी हाय की."

"सासूनं सुनेच्या माहेरी येऊन बाळंतपण करायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकं काय न्हाऊ घालाय येणार हैत व्हय?"

हे आतल्या खोलीतून ऐकत होते. बाहेर आले आणि नुसते हात जोडून उभे राहिले. रत्नाबाई म्हणाल्या, "पावणं, हात नका जोडू. च्या टाका."

यांनी आयुष्यात पहिल्यांदा विहिणीला चहा करून दिला. त्यात साखर घालायची राहिली. त्यांनी तो तसाच प्याला.

ट्रंकेतली दुपटी मी वर काढली.

*

बाळ झालं तेव्हा मी घरी नव्हते. पाचव्या डोसनंतर पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या, ताप भरला आणि मला दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं. सुजाताला दुसऱ्या दवाखान्यात नेलं होतं. एकाच गावात आम्ही दोघी, आणि मधे नुसते चार रस्ते.

सकाळी हे आले. तोंडाला मास्क, त्यामुळे नुसते डोळे दिसत होते. पण डोळे पुरेसे होते.

"पोरगं झालं. सुजाता बरी हाय."

"कुणासारखं आहे?"

यांनी विचार केला. "लाल हाय."

"अहो, केवढं आहे? नीट सांगा."

यांनी दोन्ही हात पुढे केले आणि बाळ धरल्यासारखे वाकवले. "एवढं." फिटरचे हात. लोखंड धरून राठ झालेले. ते हात त्यांनी हळूच, अगदी हळूच हलवले, जसं काही आत कुणी झोपलंय. मी त्या हातांमधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. नर्स आली, सलाइन बदलून गेली, तरी हे तसेच उभे होते.

*

घरी आले तेव्हा बाळंतीण पुढच्या खोलीत आणि मी मागच्या खोलीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुमच्या पेशी वर आल्या की हात धुऊन, मास्क लावून बाळाला दोन मिनिटं घ्यायला हरकत नाही. त्याचे शी-शूचे कपडे मात्र धरू नका, त्याला पोलिओचे थेंब दिलेत, त्यातले जंतू शीतून बाहेर येतात आणि तुमच्या अंगात आता झुंजायची ताकद कमी आहे.

म्हणजे घ्यायला परवानगी होती. आणि मी घेतलं नाही. कारण त्याच आठवड्यात माझ्या हातातून दुधाचं पातेलं पडलं होतं. मला वाटत होतं मी धरलंय, आणि ते धरलेलं नव्हतं. बोटांची टोकं बधिर झाली होती. पातेलं पडल्याचं मला आवाजानं कळलं.

रोज सकाळी न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज यायचा, मग बाळाचा टाहो, मग रत्नाबाईंचं कानडी-मराठी मिसळलेलं समजावणं. ओवा आणि शेपाची धुरी भिंतीवरून माझ्या खोलीत उतरायची. केमोनं सगळे वास नकोसे केले होते, हा एक सोडून. अंघोळ झाली की रत्नाबाई बाळाला गुंडाळून माझ्या दारात येऊन उभ्या राहायच्या. उंबरा ओलांडायच्या नाहीत. बाळाचं तोंड माझ्याकडे वळवायच्या आणि त्या दिवसाची खबर द्यायच्या. "आज नाळ पडली." "आज दोनदा शिंकलं." "कानामागं लव हाय बगा, आनंदलापण अशीच हुती." मी विचारत राहायचे. टाळू कशी आहे, डोकं घामेजतं का, अंगाला वास कसला येतो. त्या प्रत्येकाचं उत्तर द्यायच्या. एकदा म्हणाल्या, "वास? दुधाचा. आणि जरा करपट, भाकरी उतरल्यावर तव्याला येतो तसा." मी दिवसभर तो वास आठवून बघत होते. न घेतलेला वास कसा आठवणार?

सुजाताला मात्र माझं वागणं सोसेना. एका दुपारी ती दारात येऊन म्हणाली, "आई, एकदा घे की त्याला. डॉक्टर हो म्हणालेत."

"नको."

"का नको? तुला माझं बाळ नको झालंय का?"

"सुजा, असं बोलू नको."

"मग काय बोलू? सासूबाई निपाणी सोडून इथं येऊन राहिल्यात आणि तू आतनं बघत बसतीस, पाहुण्यासारखी."

हाताचं सांगितलं असतं तर ती घाबरली असती, असं तेव्हा वाटलं. रत्नाबाई कणीक मळता मळता उठून आल्या. "सुजा, तिच्या बोटांत जीव न्हाय. पातेलं पडलं तवा मी बगितलंय. रागानं न्हवं, भ्यानं घेत न्हाय ती."

सुजाता बाळाला घेऊन उंबऱ्याच्या पलीकडे, जमिनीवर बसली. मी अलीकडे बसले. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं, ओठ चोखल्यासारखे हलत होते. त्यानंतर ते निपाणीला जाईपर्यंत रोज दुपारी आम्ही अशाच बसायचो. मायलेकींचं एवढं बोलणं तिच्या लग्नाआधीही कधी झालं नव्हतं. आजारपणानं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर या दुपारी सांगेन. पण हात पुढे करून मागे घ्यायची सवय मला त्याच दुपारी लागली.

सव्वा महिन्यानं ते गेले. दोरीवर एक दुपटं वाळत राहिलं होतं. हे घडी घालायला निघाले तेव्हा मी म्हणाले, "राहू द्या अजून."

*

सहाव्या डोसनंतर सीटी स्कॅन झाला. दोन गाठी चांगल्याच आवळल्या होत्या. तिसरी जेमतेम. पण सगळं मिळून ऑपरेशन करता येईल एवढं झालं होतं. पुण्याला जाऊन लिव्हरचा तेवढा भाग काढला. ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा जड गेलं. त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही, यांना सगळं आठवतं, आणि ते सांगत नाहीत.

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला तेव्हा एमआरआयच्या मॅडमनी तो मागून घेतला. कोल्हापुरात तपासणीला गेले तेव्हा त्यांनी मला बोलावलं. पहिल्या दोन गाठींत जिवंत पेशी जवळजवळ उरल्या नव्हत्या. तिसरीत पुष्कळ होत्या.

"म्हणजे तुमच्या फोटोनं खरं सांगितलं होतं," मी म्हणाले.

"तुमच्या बाबतीत सांगितलं, बाई. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण मला बरं वाटलं." मग म्हणाल्या, "आणि ती तिसरी आता तुमच्या अंगात नाही."

एक गोष्ट मी त्यांना बोलले नाही. तिन्ही ठिपके लख्ख पांढरे राहिले असते तर मी डोस सोडून बाळंतपण केलं असतं. मग त्या कोवळ्या सव्वा महिन्यात माझे हात धड असते. बाळ माझ्या मांडीवर असतं. आणि आज मी नसते. हे सगळं मला कळतं. तरी स्वयंपाक करताना मधेच मनात येतं, ते दिवस कुठं असतील? मी जगले, ते चांगलंच झालं. पण एवढंसं, लाल, भाकरीच्या वासाचं ते बाळ मला भेटलं नाही, आणि आता ते कुणालाच भेटणार नाही. आपल्यापैकी ज्यांना उपचारांत असलं काही सोडावं लागलं असेल त्यांना सांगते, बरं झाल्यावर त्याची ओढ जाते असं समजू नका. ती राहते. राहू द्यावी.

*

उरलेले डोस संपवून मी पहिल्यांदा निपाणीला गेले तेव्हा नातू बसायला लागला होता. नाव ठेवलं होतं सम्यक. मला बघून त्यानं भोकाड पसरलं आणि रत्नाबाईंच्या पदरात तोंड खुपसलं. सुजाता ओशाळली. मी म्हणाले, "रडू दे. त्याचं बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाबाईंनी न्हाणीत पाट मांडला, पाय पसरून स्वतः बसायच्या ऐवजी मला म्हणाल्या, "बसा अक्का."

"माझ्या बोटांना अजून कळत नाही. पाणी किती कढत आहे तेसुद्धा कळणार नाही."

"पाणी मी बगतो. धरतो पण मी. तुमी न्हाऊ घाला."

मी बसले. त्यांनी बाळाला माझ्या पसरलेल्या पायांवर ठेवलं आणि शेजारी बसून त्याला दोन्ही हातांनी आधार दिला. सुजाता दारात उभी होती. रत्नाबाईंनी बादलीत कोपर बुडवलं, थोडं गार पाणी मिसळलं, पुन्हा बुडवलं. "घाला आता."

मी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि पाणी घातलं. तो किंचाळला, हातपाय झाडले, मग दुसऱ्या तांब्याला गप्प झाला. माझ्या पोटऱ्यांवर त्याचं वजन होतं. ते मला कळत होतं. त्याच्या पाठीवरून मी तळहात फिरवला, तळहाताला थोडं कळत होतं. साबण पुसायला हात पुढे नेला तर हात मधेच अडला. खाली बघितलं, त्यानं माझी तर्जनी मुठीत पकडली होती. मला ते दिसलं म्हणून कळलं.

"घट्ट धरलंय का वो?" मी रत्नाबाईंना विचारलं.

त्यांनी ती मूठ जरा ओढून बघितली. सुटली नाही.

"लई घट्ट," त्या म्हणाल्या.